होटगीची भाकरी आणि बाजाराची उधारी

सोलापूर सोडून होटगीच्या रस्त्याला लागले की एकामागून एक मोठ्या गोष्टी दिसत जातात. औद्योगिक वसाहत, विमानतळ, सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. या कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. त्यावरून शहरात केवढा वाद झाला हे सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. पुढे जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरूही झाले. आणखी पुढे गेले की होटगी जंक्शन. इथून एक रूळ वाडीकडे जातो आणि दुसरा विजापूरवरून गदगकडे. आसपास सिमेंटचे कारखाने, आणि फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प. त्याचा कोळसा रेल्वेने येतो, पाणी उजनी धरणाचे.

एवढे सगळे दाराशी असताना इथल्या माणसाला छोटा धंदा करायला काय कमी, असे बाहेरच्याला वाटते. आणि धंदे सुरू होतातही. चहाची टपरी, वेल्डिंगचे दुकान, भाड्याची जीप, राखेच्या विटांची भट्टी नव्हे तर यंत्र (या विटा भाजाव्या लागत नाहीत), शिलाई, पापड, कडक भाकरी. प्रश्न सुरू होण्याचा नाही. दोन-तीन वर्षांनी त्यांतले किती उरतात आणि जे उरतात ते होते तेवढेच का राहतात, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्याकडे सहसा ‘भांडवल नाही’, ‘जिद्द नाही’ किंवा ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ या तीन वाक्यांत देऊन टाकले जाते. शेवटचे वाक्य होटगीत तर मुळीच लागू पडत नाही. इथे एकाच घरात सासू कानडी बोलते आणि सून मराठी, आणि धंद्यात दोघींची अडचण एकच असते. ती अडचण म्हणजे माल गेला, पैसे आले नाहीत.

जंक्शनच्या गावाला परावलंबी धंद्याची सवय जुनी आहे. १८८० च्या दशकात गदगची मीटरगेज लाइन होटगीला येऊन मोठ्या रुळाला मिळाली. रुळाची रुंदी जिथे बदलते तिथे गाडी पुढे जाऊ शकत नाही. माल एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागतो, उतारूंना खाली उतरावे लागते. उतरलेल्या माणसाला चहा लागतो, जेवण लागते, हमाल लागतो. पुढे टप्प्याटप्प्याने ती लाइनही ब्रॉडगेज झाली आणि गाड्या न बदलता जाऊ लागल्या. प्रवाशांची सोय झाली, त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. पण ज्यांचे पोट उतारूंच्या खोळंब्यावर होते त्यांना वेळापत्रक बदलताना कोणी विचारले नव्हते.

आजचा खोळंबा वेगळ्या प्रकारचा आहे. मोठ्या प्रकल्पाभोवती कंत्राटदारांची साखळी असते. वर मोठा कंत्राटदार, त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्याच्या खाली आणखी एक, आणि सर्वांत शेवटी मजुरांना डबे पुरवणारी खानावळ किंवा गाडी लावणारा गावातला मुलगा. कारखान्याने वेळेवर पैसे दिले तरी ते साखळीतून झिरपत खाली येईपर्यंत महिने जातात. ‘वरून बिल निघालं नाही’ हे वाक्य अशा ठिकाणी नमस्कारासारखे ऐकू येते. खानावळवालीचा गॅसवाला मात्र वरून बिल निघायची वाट पाहत नाही.

पण साखळीचे राहू द्या. ज्यात कंत्राटदार नाही, यंत्र नाही, परदेशी स्पर्धा नाही, असा एक साधा धंदा घेऊन हिशेब मांडू. सोलापूरची कडक भाकरी. हा मुलूख शाळू ज्वारीचा. मालदांडी हे वाण जवळच्या मोहोळच्या केंद्रावर निवडून काढले गेले, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाकरी पातळ थापायची, भाजून मंद आचेवर पार कडक होऊ द्यायची. मग ती पापडासारखी मोडते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. सीमेपलीकडे विजापूर-कलबुर्गीकडे तिला खडक रोट्टी म्हणतात. पूर्वी ही प्रवासाची, शेतावरची शिदोरी होती. आता ती शेंगाचटणीच्या पुड्यासोबत पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले तेव्हा तिला आणखी थोडी प्रतिष्ठा आली.

होटगीत भाकरीचा असा व्यवसाय चालवणाऱ्या एका बाईंशी मी दोन-तीनदा सविस्तर बोललो. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. नाव देत नाही, कारण ज्यांच्याकडे त्यांचे पैसे अडकले आहेत तेही रविवारी पेपर वाचतात. त्यांच्याकडे सहा बायका थापायला येतात. पुढचे आकडे त्यांच्या वहीतले नाहीत, उदाहरणासाठी मी सोयीचे धरले आहेत, पण वहीचा तोंडवळा असाच आहे.

समजा दिवसाला ६०० भाकरी होतात आणि घाऊक भाव १० रुपये आहे. एका भाकरीमागे ज्वारी व दळण साडेतीन रुपये, थापणारीची मजुरी ३ रुपये, जळण पाऊण रुपया, पिशवी, खोके व गाडीभाडे सव्वा रुपया. खर्च साडेआठ, सुटतो दीड रुपया. महिन्याचे २५ दिवस धरले तर विक्री दीड लाख आणि नफा साडेबावीस हजार. कागदावर हा धंदा उत्तम आहे. कोणताही प्रशिक्षक तो फळ्यावर मांडून टाळ्या घेईल.

आता यात उधारी घाला. एक तृतीयांश माल रोखीने जातो आणि दोन तृतीयांश दुकानदार दोन महिन्यांच्या बोलीवर घेतात. म्हणजे दरमहा एक लाखाचा माल उधारीवर, आणि कोणत्याही दिवशी बाजारात दोन लाख रुपये अडकलेले. त्यांतला नफा वगळला तरी १ लाख ७० हजार रुपये अक्कांनी खिशातून घातलेले आहेत. ज्वारी आणलेली आहे, बायकांची मजुरी त्या-त्या आठवड्याला दिलेली आहे. हे १ लाख ७० हजार कोणत्याही ‘प्रकल्प अहवालात’ ठळकपणे दिसत नाहीत. तिथे तवे, शेगडी, पीठ मळण्याचे यंत्र, सीलिंग मशीन असते. ते सगळे मिळूनही कदाचित एवढ्याचे होत नाही.

आणि ही रक्कम घरात नसेल तर? मग खासगी सावकार. शेकडा तीनने महिन्याला ५,१०० रुपये व्याज. म्हणजे साडेबावीस हजारांतली जवळजवळ चौथाई. भाकरी खाणारा, विकणारा आणि थापणारी यांच्यात आणखी एक माणूस येऊन बसला, ज्याने पिठाला हातही लावलेला नाही.

यापुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. मागणी वाढली तर संकट कमी होईल असे आपण समजतो. समजा पुण्याच्या एका मोठ्या दुकानदाराची मागणी आली आणि रोजच्या भाकरी १२०० झाल्या. उधारी-रोखीचे प्रमाण तेच. अडकलेले भांडवल आता ३ लाख ४० हजार. म्हणजे आणखी १ लाख ७० हजार आधी घालायचे, तेही पहिला जादा रुपया हाती येण्यापूर्वी. वाढीमुळे मिळणारा जादा नफा महिन्याला साडेबावीस हजार. तेव्हा केवळ ही नवी अडकलेली रक्कम भरून निघायला साडेसात महिने लागतील. तोवर ऑर्डर टिकली पाहिजे, ज्वारीचा भाव चढता कामा नये आणि घरात कोणी आजारी पडता कामा नये. धंदा वाढल्यामुळे बुडाला, हे वाक्य ऐकायला विचित्र वाटते. पण ज्यांनी दुकान मांडले आहे त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही.

त्यात भाकरी मोडते. कडक आहे, मोडणारच. दुकानदार मोडलेली परत करतो आणि बिलातून वजा करतो. शंभरात पाच परत आल्या तर पाच टक्केच नुकसान झाले असे वाटते. प्रत्यक्षात भाकरीमागे सरासरी ५० पैसे गेले, आणि सुटत होता दीड रुपया. नफ्याचा तिसरा हिस्सा खोक्याच्या तळाशी चुरा होऊन पडला. अक्कांनी यावर उपाय केला तो साधा होता. खोके लहान केले आणि चुरा वेगळा बांधून चिवड्याला विकायला सुरुवात केली. अशा गोष्टी कोणत्या शिबिरात शिकवत नाहीत.

दुकानदाराला खलनायक करून भागणार नाही. “पैसे कुठं जातेत अक्का, येतंय की,” असे म्हणणारा माणूस स्वतःही कुणाला तरी तेच ऐकवत आणि कुणाकडून तरी तेच ऐकत असतो. गिऱ्हाइकाची महिन्याची वही त्याच्याकडेही आहे. सोलापूरच्या यंत्रमागाचेही जुने दुखणे हेच आहे. सूत घेताना रोख मोजायचे आणि चादर-टॉवेल विकताना थांबायचे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी तिच्या नावाने पानिपतचा माल खपतोच, ही तक्रार सर्वांना ठाऊक आहे. पण मानांकनाच्या चर्चेत थांबण्याची किंमत कोणी काढत नाही. फरक इतकाच की मोठ्या माणसाला थांबणे परवडते आणि छोट्याला नाही. म्हणून साखळीत ज्याची ऐपत सर्वांत कमी, तोच बाकीच्यांना बिनव्याजी कर्ज देत असतो. आपल्या बाजारव्यवस्थेतली ही मोठी विसंगती आहे, आणि तिला सवय म्हणून आपण सोडून देतो.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला, त्यातून केवढी मोठी चळवळ उभी राहिली हे खेडोपाडी दिसते. राज्याचे उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून आहे. मुद्रा योजना एप्रिल २०१५ मध्ये आली. तिची १० लाखांची मर्यादा, आधीचे कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २० लाख करण्याची घोषणा २०२४ च्या अर्थसंकल्पात झाली. अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत गटातील प्रत्येक सदस्य महिलेमागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल ठेवले होते, आणि ते खेळते भांडवल म्हणूनही वापरता येत होते. हे चांगलेच होते. तरी एकंदरीत पाहिले तर आपल्या योजनांचा जीव आरंभात आहे. फीत कापण्यात आहे, यंत्राच्या फोटोत आहे. यंत्र दाखवता येते, अनुदान त्यावर काढता येते. बाजारात अडकलेले दोन लाख कोणाला दाखवणार? त्यांचा फोटो निघत नाही. मुद्रेतून खेळते भांडवलही मिळू शकते, पण बँकेत जाऊन मागताना बाई ‘मशीनसाठी’ म्हणतात, कारण तसे म्हटले की काम लवकर होते असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. मग मुदतीच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो आणि दुकानदाराचे पैसे त्याला सवड होईल तेव्हा येतात. या दोन तारखांच्या मधल्या फटीत धंदे पडतात.

पूर्वी ही फट बुजवायला गावची पतपेढी, शहरातली नागरी बँक असे. तिथला व्यवस्थापक माणूस ओळखायचा. ओळखीचे तोटेही झाले, ते लपवायचे कारण नाही. सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला. ठेवीदारांना विम्याचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण होते, परंतु अशा बँकेसोबत छोट्या माणसाची पत ठाऊक असलेले टेबलही जाते. नव्या बँकेला अक्का ठाऊक नाहीत, तिला फक्त त्यांच्या खात्यातल्या नोंदी ठाऊक आहेत. आणि व्यवहार तर अर्धा रोखीचा.

मग मोबाइलवर पैसे घ्यावेत, नोंद आपोआप होईल, असा सल्ला मिळतो. सल्ला बरोबर आहे. पण जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयने जमा झालेल्या रकमांवरून वाणिज्य कर खात्याने हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि बंगळुरूच्या दुकानांत ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. होटगीतल्या घरोघरी कर्नाटकात सोयरीक आहे. ती बातमी इथे पेपरच्या आधी पोचली असेल. नोंद ठेवावी तर कर लागतो आणि न ठेवावी तर कर्ज मिळत नाही, असा समज एकदा बसला की तो काढायला दहा शिबिरे पुरत नाहीत. नोंद आणि कर एकच नव्हेत, हे कोणीतरी त्यांच्या भाषेत बसून सांगायला हवे.

कायदाही आहे, आणि तो कच्चा नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघू उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. दाद मागायला राज्याची सुविधा परिषद आहे, आणि २०१७ पासून घरबसल्या तक्रार नोंदवता येते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकराची नवी तरतूद लागू झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. तेव्हा व्यापाऱ्यांनी बराच आरडाओरडा केला, आणि काहींनी नोंदणीकृत छोट्या उत्पादकांकडून माल घेणेच थांबवल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. औषध रोग्यालाच लागू नये असा हा प्रकार. त्यातही जो किराणा दुकानदार अंदाजित उत्पन्नावर कर भरतो त्याला या तरतुदीचा चटका बसतच नाही, आणि अक्कांचे बहुतेक गिऱ्हाईक तेच आहे.

मुख्य अडचण कायद्याच्या बाहेरची आहे. तक्रार करायची ती ज्याच्याविरुद्ध, तोच उद्या माल घेणार असतो. “परिषदेत गेलं तर एकदा पैसे मिळतील, पण दुकान कायमचं जाईल,” असे अक्का म्हणाल्या. यावर माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते.

लिज्जत पापडाची गोष्ट शिबिरांत नेहमी सांगतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. ऐकणाऱ्याच्या मनात ८० रुपये राहतात. माझ्या मते त्या कथेतला महत्त्वाचा भाग निराळा आहे. लिज्जतमध्ये पापड लाटणाऱ्या बहिणींना त्यांचे पैसे रोजच्या रोज देण्याची पद्धत राहिली, आणि रोज द्यायचे तर रोज आले पाहिजेत, म्हणून वितरकांकडून माल उचलताना रोख घेण्याची शिस्त ठेवली गेली. संस्था मोठी झाल्यावर रोख मागणे सोपे असते, हा आक्षेप खरा आहे. एकट्या अक्कांना ते साधणार नाही. पण होटगीच्या आसपासच्या गावांत भाकरी करणाऱ्या अशा किती बायका आहेत, आणि त्या सगळ्या त्याच दुकानदारांना एकमेकींपेक्षा जास्त दिवसांची उधारी देऊन माल खपवत आहेत. बचत गटाने एकत्र येऊन कर्ज घेण्याची सवय लावली. एकत्र येऊन उधारीचे दिवस ठरवण्याची सवय अजून लागायची आहे.

तोवर जे करता येते ते फार मोठे नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे, तो क्रमांक बिलावर छापून घ्यावा आणि बिलावर पैसे देण्याची तारीख लिहावी. तारीख लिहिलेले बिल भांडण न करताही थोडे बोलते. बँकेत मशीनसाठी न मागता कॅश क्रेडिट मागावे आणि सोबत सहा महिन्यांची वही न्यावी. जुनी बाकी चुकती झाल्याशिवाय नवा खोका उतरवायचा नाही, हा नियम निदान नव्या दुकानांना लावावा. आणि रोखीचे गिऱ्हाईक वाढवावे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर या तिन्ही वाटांवर भाविकांचा राबता बारमाही आहे. वेळ अमावास्येला आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला हातोहात माल जातो. यात दुकानाच्या घाऊक धंद्याची ऐट नाही, उन्हात उभे राहावे लागते. पण संध्याकाळी पिशवीत पैसे असतात.

अक्कांनी यंदा तेच गणित मांडले आहे. नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावरून येते, तेव्हा भाव उतरलेला असतो. वर्षाची ज्वारी त्या महिन्यात एकदम भरली तर भाकरीमागे जे पैसे वाचतात ते दुकानदाराशी घासाघीस करून कधीच मिळत नाहीत. त्यासाठी हातात रोख पाहिजे. म्हणून त्यांनी दोन दुकाने सोडली, गड्ड्यात थापणाऱ्या दोघींना घेऊन बसायचे ठरवले आणि आलेले पैसे ज्वारीसाठी बाजूला ठेवायचे ठरवले. पुण्याच्या एका दुकानदाराने त्यांच्याकडेही रोज ६०० भाकरींची मागणी खरोखरच नोंदवली आहे. त्याला तीन महिन्यांची उधारी हवी आहे. अक्कांनी पंधरा दिवसांची तयारी असल्याचे कळवले असून, अद्याप त्याचे उत्तर आलेले नाही.